घरच्या संगणकातला हेर

अंबाडी हे भिवंडी-वाडा रस्त्यावरचे, वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे वळणाऱ्या वाटेवरचे नाक्याचे गाव. अशा गावांतल्या घरात संगणक असलाच तर बहुधा एकच असतो आणि त्यावर सगळ्यांचा कारभार चालतो. मुलीचे कॉलेजचे प्रोजेक्ट, वडिलांच्या व्यवसायाचे जीएसटी विवरण, शेताचा ऑनलाइन सातबारा, नेटबँकिंग, लग्नाचे फोटो, सगळे त्याच एका यंत्रात. पासवर्डही ब्राउझरमध्येच साठवलेले असतात, कारण दर वेळी टाइप करायचा कंटाळा येतो. या संगणकात हेरगिरी करणारे सॉफ्टवेअर, म्हणजे स्पायवेअर, शिरले तर एका माणसाचे नव्हे, अख्ख्या घराचे कपाट उघडे पडते.

हे सॉफ्टवेअर काढता येते. बहुतेक वेळा ते घरच्या घरी आणि पैसे न मोजता काढता येते. पण त्यासाठी कामाचा क्रम सांभाळावा लागतो. क्रम चुकला तर संगणक साफ होतो, पण चोरीला गेलेल्या किल्ल्या चोराकडेच राहतात.

व्हायरस वेगळा, हेर वेगळा

जुन्या काळचे व्हायरस आपले अस्तित्व मिरवत. पडद्यावरची अक्षरे खाली गळू लागत, फाइली उडत, यंत्र सुरूच होत नसे. स्पायवेअरचा स्वभाव नेमका उलटा. त्याला संगणक बिघडवायचा नसतो, तो सुरळीत चालू राहावा असेच त्याला वाटत असते. मालकाला जितका उशिरा संशय येईल, तितकी माहिती जास्त मिळते.

त्याचे काही ठळक प्रकार आहेत. ‘कीलॉगर’ कीबोर्डवर दाबलेले प्रत्येक बटण नोंदवून ठेवतो. दुसरा प्रकार दूरवरून ताबा घेणाऱ्या ‘ट्रोजन’चा. तो पडद्याची छायाचित्रे काढतो, फाइली नेतो आणि आणूनही ठेवतो, कॅमेरा व मायक्रोफोन सुरू करतो. ‘ब्राउझर हायजॅकर’ मुखपृष्ठ आणि शोधयंत्र बदलून आपल्याला हवे तिथे वळवतो. सध्या सर्वाधिक चलती आहे ती ‘इन्फोस्टीलर’ची. तो संगणकात फार काळ राहतही नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डाचे तपशील आणि ‘कुकी’ काही क्षणांत गोळा करून पाठवतो. यातला ‘लुमा’ नावाचा इन्फोस्टीलर मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अमेरिकेच्या न्याय विभागाने मिळून मोडून काढला. तेव्हा त्याआधीच्या दोनच महिन्यांत जगभरातील ३ लाख ९४ हजार विंडोज संगणकांत त्याची लागण सापडल्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते.

कुकी म्हणजे काय, हे इथे समजून घ्यायला हवे. जत्रेत तिकीट काढून आत गेल्यावर हातावर शिक्का मारतात. बाहेर जाऊन परत आले तरी पुन्हा तिकीट विचारत नाहीत, शिक्का पाहून आत सोडतात. ईमेलमध्ये एकदा पासवर्ड आणि ओटीपी दिल्यावर संकेतस्थळ ब्राउझरला असाच शिक्का देते. बँकेचा शिक्का काही मिनिटांत पुसला जातो, पण ईमेलचा आणि समाजमाध्यमांचा महिनोन्‌महिने टिकतो. चोराने तो उचलला तर त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. आणि ईमेल हाती आले की ‘पासवर्ड विसरलो’ एवढे म्हणून बाकीची बरीच दारे उघडता येतात.

हेर आत येतो कसा?

बहुतेक वेळा घरातलेच कोणीतरी त्याला दार उघडून देते, अर्थात नकळत. विकतचे सॉफ्टवेअर फुकटात मिळावे म्हणून उतरवलेली ‘क्रॅक’ केलेली प्रत ही सर्वांत मोठी वाट. विंडोज किंवा ऑफिस फुकटात सुरू करून देणारे ‘अ‍ॅक्टिव्हेटर’, खेळांच्या चोरीच्या प्रती, मराठी टायपिंगची किंवा फोटो सजवण्याची ‘फुल व्हर्जन’ सॉफ्टवेअर यांच्यासोबत हेर आत येतो. अशा सॉफ्टवेअरबरोबर ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते, तीच खरे तर धोक्याची घंटा.

दुसरी वाट पेनड्राइव्हची. गावात छपाईसाठी झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह द्यावा लागतो. तिथल्या संगणकात दिवसभर पन्नास जणांचे पेनड्राइव्ह लागतात. घरी परतल्यावर आपल्या फाइलींच्या जागी ‘शॉर्टकट’ दिसू लागले, की लागण झाली असे समजावे. यावर साधा उपाय म्हणजे छापायची फाइल ईमेलने पाठवणे किंवा पेनड्राइव्हवर फक्त तेवढी एकच फाइल नेणे. पेनड्राइव्हसारख्या उपकरणांवर नियंत्रण ठेवणारे ‘यूएसबी प्रतिरोध’ हे साधन सी-डॅकने तयार केले आहे.

तिसरी वाट ईमेलची. कुरिअरची पावती, आयकर विभागाची नोटीस किंवा थकलेले बिल म्हणून जोडपत्र येते. चौथी वाट अलीकडची आणि अधिक चलाख आहे. एखाद्या पानावर ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ असा चौकोन येतो आणि सांगतो, की विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर करा. या तीन कृतींनी वापरकर्ता स्वतःच्या हाताने घातक आज्ञा संगणकाला देतो. कोणतेही खरे संकेतस्थळ अशी ओळख पटवून घेत नाही.

संशय कधी घ्यावा?

यंत्र मंद झाले म्हणजे स्पायवेअरच, असे नाही. जुनी हार्ड डिस्क, भरलेली जागा, कमी मेमरी ही कारणे जास्त वेळा सापडतात. मात्र पुढील गोष्टींकडे काणाडोळा करू नये. ब्राउझरचे मुखपृष्ठ आपोआप बदलणे. न टाकलेले एक्स्टेन्शन दिसणे. अँटिव्हायरस बंद पडणे आणि पुन्हा सुरू न होणे. कोणी वापरत नसताना कॅमेऱ्याचा दिवा लागणे. मित्रांना आपल्या नावाने विचित्र संदेश जाणे. आणि सर्वांत महत्त्वाचे, आपण केलेले नसताना ‘नव्या उपकरणावरून लॉगइन’ झाल्याची सूचना किंवा न मागितलेला ओटीपी येणे.

एक खूण मात्र खोटी असते. पडद्यावर अचानक लाल खिडकी उघडते, भोंगा वाजतो आणि ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत, या क्रमांकावर फोन करा’ असे झळकते. हा रोग नव्हे, रोगाची भीती विकणारा भोंदू वैद्य. फोन केला की पलीकडचा माणूस दूरवरून ताबा देणारे अ‍ॅप उतरवायला लावतो. अशा अ‍ॅपचा गैरवापर करून खाती रिकामी केली जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच दिला होता. ती खिडकी कशी घालवायची? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझर बंद करावा. खरा अँटिव्हायरस फोन नंबर देत नाही.

काढण्याचा क्रम

पहिली पायरी : इंटरनेट तोडावे. वायफाय बंद करावे किंवा केबल काढावी. हेराला माहिती बाहेर पाठवायची असते आणि नव्या आज्ञा आत घ्यायच्या असतात. वाट बंद झाली की दोन्ही थांबते.

दुसरी पायरी : किल्ल्या बदलाव्यात, पण दुसऱ्या उपकरणावरून. इथेच बहुतेकांचा क्रम चुकतो. संशयित संगणकावर बसून नवा पासवर्ड टाकला, तर कीलॉगर तोही टिपतो. म्हणून निर्धोक फोनवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदलावा आणि ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ हा पर्याय निवडावा. त्याने जुने शिक्के पुसले जातात. पुनर्प्राप्तीचा फोन क्रमांक व ईमेल आपलाच आहे ना, आणि आपली पत्रे दुसऱ्या पत्त्यावर आपोआप पुढे पाठवण्याचा नियम कोणी लावून ठेवलेला नाही ना, हेही पाहावे. मग बँक, मग समाजमाध्यमे.

तिसरी पायरी : कागदपत्रे आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्यावेत. फक्त कागदपत्रे आणि फोटोच. सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलर फाइली किंवा क्रॅक सोबत घेतले, तर रोगही गाठोड्यात बांधला जातो. ही डिस्क पुढे वापरण्याआधी तपासून घ्यावी.

चौथी पायरी : दिसणारे तण काढावे. सेटिंग्जमधील अ‍ॅप्सची यादी बसवल्याच्या तारखेनुसार लावावी. त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेली, ओळखीची नसलेली नावे काढून टाकावीत. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ भागात संगणकासोबत आपोआप सुरू होणारी अ‍ॅप्स दिसतात, तिथली अनोळखी नावे बंद करावीत. नाव कळत नसेल तर ते दुसऱ्या उपकरणावर शोधून पाहावे, घाईने काही उडवू नये. ब्राउझरमधील अनावश्यक एक्स्टेन्शन काढावीत, कोणकोणत्या संकेतस्थळांना सूचना पाठवायची परवानगी दिली आहे ते तपासावे आणि शेवटी ब्राउझर ‘रीसेट’ करावा. नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये आपण न लावलेला ‘प्रॉक्सी’ असेल तर तो काढावा.

पाचवी पायरी : संपूर्ण तपासणी. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचे डिफेंडर मुळातच असते. तपासणीआधी त्याची ‘एक्सक्लुजन्स’ची यादी पाहावी. अनेक घातक प्रोग्राम आपला फोल्डर गुपचूप या यादीत घालतात, म्हणजे पहारेकरी त्या खोलीत डोकावतच नाही. ती यादी रिकामी करावी, थोडा वेळ इंटरनेट जोडून अँटिव्हायरस अद्ययावत करावा आणि ‘क्विक’ नव्हे, ‘फुल’ तपासणी लावावी. तिला काही तास लागू शकतात. जे सापडेल ते ‘क्वारंटाइन’मध्ये टाकावे. करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या या शब्दाचा अर्थ इथेही तोच आहे. फाइल पुसलेली नसते, पण तिला कोणाशी संपर्क करता येत नाही.

सहावी पायरी : विंडोज सुरू होण्याआधीची तपासणी. काही स्पायवेअर विंडोजच्या इतके आत बसते, की विंडोज चालू असताना ते अँटिव्हायरसपासून स्वतःला लपवते. त्यासाठी विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडून ‘स्कॅन ऑप्शन्स’मधील ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडावे. संगणक पुन्हा सुरू होतो आणि नेहमीची विंडोज जागी होण्याआधीच सुमारे १५ मिनिटांत तपासणी होते.

सातवी पायरी : दुसरे मत. मोठ्या आजारात दुसऱ्या डॉक्टरला दाखवतात, तसेच. मात्र सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नयेत, ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. एकदाच तपासणी करून बाजूला होणारे साधन वापरावे. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. त्याच्या संकेतस्थळावर अशी साधने मोफत मिळतात.

हे सारे करूनही लक्षणे परतली तर हटवादीपणा सोडावा आणि विंडोज नव्याने बसवावी. तिची प्रत दुसऱ्या, निर्धोक संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून बनवून घ्यावी. यात अर्धा दिवस जातो, पण त्यानंतर मनात शंका राहत नाही. दुरुस्तीवाल्याकडून हे करून घेताना एकच अट घालावी, की चोरीची विंडोज चालणार नाही. नाहीतर जुना हेर घालवून नवा घरात घेतला असे होते.

कल्पना पुण्यातही जुनीच

विंडोज जागी होण्याआधी तपासणी करण्यामागची कल्पना फ्लॉपीच्या काळातली आहे. १९९१ मध्ये ‘मायकेलएंजेलो’ नावाचा व्हायरस सापडला. तो डिस्कच्या अगदी पहिल्या भागात, बूट सेक्टरमध्ये बसे आणि त्या चित्रकाराच्या जन्मदिवशी, ६ मार्चला, डिस्कवरची माहिती नष्ट करी. संगणक सुरू होताना सर्वांत आधी तोच जागा होत असल्याने, त्याला पकडायचे तर स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू करावा लागे.

त्याच काळात पुण्यात मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलाश काटकर कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करत. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस वारंवार सापडू लागले. त्यांचे धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. ते या व्हायरसवर उतारे लिहू लागले. १९९५ मध्ये त्यातून ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस बाजारात आले आणि २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. दुरुस्तीच्या टेबलावर रोज तोच बिघाड पाहणाऱ्यांनी त्याचे कारण शोधायचे ठरवले, त्यातून महाराष्ट्रातला हा उद्योग उभा राहिला.

पुसण्याआधी थांबावे असे प्रसंग

काही वेळा स्पायवेअर लगेच काढणे चुकीचे ठरते. पैसे गेले असतील, धमक्या येत असतील किंवा प्रकरण पोलिसांत जाणार असेल, तर संगणकच पुरावा असतो. अशा वेळी इंटरनेट तोडावे, पडद्याचे फोटो फोनने काढून ठेवावेत आणि यंत्राला हात न लावता तज्ज्ञांकडे द्यावे.

डिस्कवर काय काय उरते, याची चर्चा महाराष्ट्राने एल्गार परिषद-भीमा कोरेगाव खटल्याच्या निमित्ताने ऐकली. आरोपी रोना विल्सन यांचा लॅपटॉप पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये जप्त केला होता. बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतील अर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने त्याच्या डिस्कची प्रत तपासली. त्या संस्थेचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आला. जून २०१६ मध्ये ईमेलमधून ‘नेटवायर’ हे दूरनियंत्रक स्पायवेअर आत शिरले, ते सुमारे २२ महिने तिथे होते आणि त्याद्वारे कागदपत्रे बाहेरून ठेवली गेली, असे त्यात म्हटले होते. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. त्यांचा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे. मात्र पुसलेल्या आणि लपवलेल्या गोष्टींच्याही खुणा डिस्कवर मागे राहतात आणि डिस्क मूळ स्थितीत असली तरच त्या वाचता येतात, हे यातून कळते. नेटवायर विकणारे संकेतस्थळ मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ताब्यात घेतले आणि क्रोएशियात एकाला अटक झाली.

दुसरा प्रसंग अधिक नाजूक आहे. कधीकधी हेर बाहेरचा नसतो. पती, नातलग किंवा पूर्वीचा जोडीदार पाळत ठेवण्यासाठी असे सॉफ्टवेअर बसवतो. ते अचानक काढले तर त्या व्यक्तीला लगेच कळते आणि घरातला छळ वाढू शकतो. अशा स्त्रीने आधी स्वतःच्या सुरक्षिततेची सोय पाहावी आणि मदत मागताना दुसऱ्याच कोणाचा फोन वापरावा. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणे किंवा त्यात घातक प्रोग्राम घालणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कायद्यात नात्याची सवलत नाही.

पैसे गेले तर

खात्यातून रक्कम गेल्याचे दिसताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरायला वेळ लागत नाही, म्हणून ‘उद्या सकाळी बघू’ हे महागात पडते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर करता येते आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही देता येते.

ग्राहकाच्या बाजूने एक महत्त्वाचा नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर त्याच्यावर नुकसानीचा भार येत नाही. चार ते सात दिवसांत तक्रार केल्यास मर्यादित भार येतो. म्हणून तक्रारीची तारीख, वेळ आणि क्रमांक लिहून ठेवावा. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर मात्र कळवण्याआधी झालेल्या नुकसानीचा भार ग्राहकावर येतो.

पुन्हा लागण होऊ नये म्हणून

संगणकावर दोन खाती करावीत. सॉफ्टवेअर बसवण्याचा अधिकार असलेले ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ खाते घरातल्या एकाच जाणत्याकडे असावे, बाकीच्यांनी आणि त्या जाणत्यानेही रोजच्या कामासाठी साधे खाते वापरावे. मग चुकून काही उघडले, तरी संगणक पासवर्ड विचारतो आणि तेवढ्यात विचार करायला उसंत मिळते. बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नये. काम झाल्यावर नुसती खिडकी बंद न करता ‘साइन आउट’ करावे.

विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबल्या आहेत. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ मायक्रोसॉफ्टने दिली. ज्यांच्या घरी अजून विंडोज १० आहे, त्यांनी नोंदणी झाली आहे का ते आजच पाहावे आणि विंडोज ११ चालणारे यंत्र केव्हा घ्यायचे याचा हिशेब मांडावा. जुने यंत्र ठेवायचेच असेल तर त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

शेवटचे काम अर्ध्या तासाचे आहे. येत्या रविवारी घरातल्या सर्वांनी संगणकासमोर बसून अ‍ॅप्सची आणि एक्स्टेन्शनची यादी उघडावी आणि प्रत्येक नावापुढे विचारावे, हे कोणी बसवले आणि कशासाठी? ज्याचे उत्तर कोणाकडेच नाही, तपास तिथून सुरू करावा.